एका अक्षराचा फेर : मुंबईचा रक्तगट

रक्तगट म्हणजे काय हें आतां सुशिक्षित कुटुंबांत कोणास सांगावयास नको. मुलांच्या शाळेच्या ओळखपत्रावर, वाहन चालविण्याच्या परवान्यावर, आणि अलीकडे कित्येक घरीं पत्रिकेसोबत धाडावयाच्या टिपणांतहि तो लिहिलेला असतो. ए, बी, एबी आणि ओ हीं चार नांवें पाढ्यांसारखीं तोंडीं बसलेलीं आहेत. ‘ओ गटाचें रक्त सर्वांस चालतें’ हें वाक्यहि तितकेंच पाठ आहे. या पाठ वाक्याला एक अपवाद आहे, आणि त्या अपवादाला आपल्या मुंबईचें नांव आहे. जगांतील वैद्यकग्रंथांत ‘बॉम्बे’ रक्तगट म्हणून ज्याचा उल्लेख येतो तो हाच. शहराचें नांव १९९५ सालीं बदललें, रक्तगटाचें बदललें नाहीं. ज्याच्या अंगांत हा गट आहे त्याला ओ गटाचें रक्त दिलें तर तें त्याच्या जिवावर बेततें. आणि त्याच्या खिशांतील कार्डावर मात्र बहुधा ‘ओ’ असेंच लिहिलेलें असतें.

असें कां व्हावें हें शोधीत गेलें असतां आपण एका प्रथिनापाशीं येऊन पोंचतों. त्या प्रथिनांत ३६५ अमिनो आम्लें आहेत, आणि त्यांपैकीं एक बदललेलें आहे. एवढ्याशा फेरानें एवढा अनर्थ कसा होतो तें आज वाचकांपुढें मांडण्याचा आमचा विचार आहे. त्यासाठीं प्रथम थोडें मागें जावें लागेल. वाचकांनीं धीर धरावा.

ज्यास इंग्रजी पुस्तकांत एंझाइम म्हणतात त्यास मराठींत ‘विकर’ असें नांव पडलें आहे. नांव नवें असलें तरी वस्तु घरांतलीच आहे. नाचणीला मोड आणून, त्या वाळवून, दळून लहान मुलासाठीं सत्त्व करतात. मोड येत असतां धान्यांतील विकरें पिठुळ भागाची साखर करूं लागतात, म्हणून तें सत्त्व गोडसर लागतें व पचावयास हलकें असतें. विकराचा विशेष हा कीं तें दोन पदार्थांची गांठ घालून देतें किंवा असलेली गांठ सोडवितें, आणि स्वतः मात्र खर्ची पडत नाहीं. लग्न जुळविणारा मध्यस्थ जसा एका घरचें कार्य उरकलें कीं दुसऱ्या स्थळाकडे जावयास मोकळा, तसें तें असतें. मात्र मध्यस्थ दहा प्रकारचीं स्थळें पाहतो. विकर सामान्यतः एकाच प्रकारचें काम जाणतें.

बहुतेक सर्व विकरें प्रथिनें असतात, आणि प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. या माळा सामान्यतः वीसच प्रकारच्या आम्लांतून ओंवलेल्या असतात. कोणत्या आम्लामागें कोणतें यावें याचा लेख जनुकांत असतो. तेथें तीन तीन अक्षरांचा एक शब्द आणि एका शब्दास एक आम्ल असा नियम आहे. ज्यानें जन्मभर संस्कृत शिकविलें त्याला यांत फारसें नवल वाटूं नये. दन्त्य सकाराच्या जागीं तालव्य शकार आला कीं ‘सकल’ म्हणजे सगळें, त्याचें ‘शकल’ म्हणजे तुकडा होतें. आणि ‘स्वजन’ म्हणजे आप्त, त्याचा ‘श्वजन’ होऊन तो कुत्र्यांच्या पंक्तीला जाऊन बसतो.

परंतु वर्णांची ही उपमा अर्ध्या वाटेवर सोडून द्यावी लागते. शब्द कागदावर सरळ पडून असतो. प्रथिनाची माळ तशी राहत नाहीं. ती वळते, दुमडते, स्वतःभोंवतीं गुंडाळली जाते. वीस आम्लांचे स्वभाव भिन्न आहेत. कांहीं तेलकट, पाण्याला विटणारीं. तीं घडीच्या आंत जाऊन बसतात. कांहींवर विद्युद्भार असतो. तीं पाण्याकडे तोंड करून बाहेर राहतात. कांहीं आकारानें मोठीं, कांहीं अगदीं लहान; आणि सिस्टीन नांवाचीं दोन आम्लें समोरासमोर आलीं तर गंधकाच्या बंधानें एकमेकांस धरून ठेवतात. या सगळ्या ओढाताणींतून जी घडी बसते तिच्यांत कोठें तरी एक खोबण राहते. त्या खोबणींत ज्या पदार्थाचा मेळ बसेल त्याच्यावरच विकराचें काम चालतें. सारांश, विकराचें सामर्थ्य माळेंत नाहीं, घडींत आहे.

याची प्रचीति ज्यांना हवी असेल त्यांनीं ताज्या अननसाच्या चार फोडी वाटीभर दुधांत घालून ठेवाव्या. कांहीं वेळानें दूध कडू लागतें. अननसांत ब्रोमेलेन नांवाचें विकर आहे, तें दुधांतील प्रथिनांचे तुकडे करतें, आणि तो कडवटपणा त्या तुकड्यांचा. त्याच फोडी पाकांत चांगल्या शिजवून घेतल्या तर दूध कडू होत नाहीं. उष्णतेनें त्या विकरांतील आम्लांचा क्रम बदललेला नसतो; माळ आहे तशीच असते, घडी मात्र मोडलेली असते. अनुभवी गृहिणी अननस शिजवून मगच दुधाच्या पदार्थांत घालते तें याच कारणानें, तिनें ब्रोमेलेनचें नांव ऐकलेलें असो वा नसो.

आतां घडी जर इतकी महत्त्वाची, तर ती घालतो कोण? अमेरिकेंतील ख्रिश्चन अन्फिन्सेन यांनीं हा प्रश्न रिबोन्यूक्लिएझ नांवाच्या १२४ आम्लांच्या एका विकराला विचारला. युरिया व दुसरें एक द्रव्य घालून त्यांनीं त्याची घडी पार उलगडून टाकली आणि गंधकाचे चारहि बंध सोडविले. विकर निर्जीव झालें. मग तीं द्रव्यें काढून घेऊन त्यास हवा लागूं दिली, तेव्हां ती माळ कोणी न वळवितां पुन्हां पूर्वीसारखी वळली आणि काम करूं लागली! घडीची आज्ञा बाहेरून येत नाहीं, आम्लांच्या क्रमांतच ती लिहिलेली असते, हें यावरून ठरलें. या कामासाठीं १९७२ च्या नोबेल पारितोषिकांत त्यांना वांटा मिळाला. क्रम बदलला तर घडी बदलेल, घडी बदलली तर काम बदलेल किंवा बुडेल, ही गोष्ट यांतूनच ओघानें येते. आणि रक्तगटाइतकें तिचें चोख उदाहरण आम्हांस दुसरें ठाऊक नाहीं.

मनुष्यामनुष्याच्या रक्तांत भेद आहे हें व्हिएन्ना येथील कार्ल लँडस्टायनर यांनीं १९०१ सालीं दाखविलें. तो भेद कसला, हें कळावयास आणखी अर्धें शतक गेलें. तांबड्या रक्तकणाच्या पृष्ठावर शर्करांच्या लहान लहान साखळ्या केसांसारख्या उभ्या असतात. त्या साखळीच्या टोंकाला प्रथम एक विकर येऊन फ्यूकोज नांवाची शर्करा जोडतें. या विकरास सोईसाठीं आपण एच विकर म्हणूं. ज्याचें काम येथेंच संपतें तो ओ गटाचा मनुष्य. ए गटाच्या मनुष्यांत यापुढें दुसरें विकर येऊन आणखी एक शर्करा बसवितें. तिचें नांव एन-ॲसिटिल-गॅलॅक्टोसामीन. बी गटाच्या मनुष्यांत त्याच जागीं साधी गॅलॅक्टोज बसते. एबी गटाच्या मनुष्यांत दोन्ही विकरें आपापल्या परीनें काम करतात. म्हणजे ए आणि बी यांतील अंतर एका शर्करेच्या शेपटीएवढें आहे. तेवढ्यावरून एकाचें रक्त दुसऱ्याला विष होतें.

ए आणि बी हीं दोन विकरें बनविणारें जनुक १९९० सालीं अमेरिकेंत फुमिइचिरो यामामोटो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं वाचून काढलें. दोन्ही माळा ३५४ आम्लांच्या निघाल्या, आणि ३५४ पैकीं ३५० जागीं त्या तंतोतंत सारख्या! फरक फक्त चार जागीं: १७६, २३५, २६६ आणि २६८. यांतहि खरी मेख शेवटच्या दोन जागीं आहे. ए विकरांत २६६ व्या जागीं ल्यूसीन आणि २६८ व्या जागीं ग्लायसीन हें सर्वांत लहान आम्ल असतें. बी विकरांत त्याच जागांवर मेथिओनीन आणि ॲलनीन असतात, आणि तीं त्या मानानें अधिक जागा व्यापतात. २००२ सालीं कॅनडांतील संशोधकांनीं या विकरांचे स्फटिक करून त्यांवर क्ष-किरण टाकले, तेव्हां ह्या दोन जागा खोबणींतच आहेत असें दिसून आलें. ए विकराची खोबण ऐसपैस असल्यामुळें शेपटीची शर्करा तींत सामावते. बी विकरांत ती शेपूट अडते, म्हणून तेथें बिनशेपटीची गॅलॅक्टोजच बसते. अडसराची लांबी बदलावी आणि दुसरीच किल्ली चालूं लागावी, तसा हा प्रकार.

ओ गटाची कथा निराळी. तेथें ए-बी जनुकांतील एक अक्षर गळलेलें असतें. एका अक्षराच्या गळण्यानें काय होतें? ‘कमल नयन वदन सदन’ असे तीन तीन अक्षरांचे शब्द घ्या आणि पहिल्या शब्दांतील मकार काढून पुन्हां तीन तीन अक्षरें तोडा. ‘कलन यनव दनस दन’ असा गोंधळ हातीं येतो. जनुकांतहि गळलेल्या अक्षरापासून पुढची सारी वाचना बिघडते, माळ मध्येंच तुटते आणि जें प्रथिन होतें तें निरुपयोगी असतें. तथापि ओ गटाच्या मनुष्याचें यामुळें काडीइतकेंहि अडत नाहीं. एच विकरानें जोडलेली फ्यूकोज त्याच्या रक्तकणावर असतेच.

आतां मूळ विषयाकडे. १९५२ सालीं मुंबईंतील डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांनीं लंडनच्या शास्त्रज्ञांसह ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत एक लहानसा निबंध प्रसिद्ध केला. सहलेखकांत रेस व सँगर हीं रक्तगटशास्त्रांतील अधिकारी मंडळी होतीं, आणि या शर्करांचा छडा लावणारे मॉर्गन व वॉटकिन्सबाईहि होत्या. निबंधांत वर्णन केलेल्या व्यक्तींच्या रक्तकणांवर ए नव्हतें, बी नव्हतें; येथवर ते ओ गटाचे. परंतु त्यांचा रक्तद्रव ओ गटाच्या रक्तकणांचाहि गोळा करून टाकीत होता. म्हणजे सर्वांस चालणारें रक्त यांना मात्र चालत नव्हतें. त्यांच्या रक्तकणांवर फ्यूकोजच नव्हती.

फ्यूकोज नसेल तर ए आणि बी विकरें हजर असूनहि हात जोडून बसतात. भिंत असेल तर तिच्यावर चित्र काढावयाचें. भिंतच नाहीं तेथें चिताऱ्याचें कौशल्य काय कामाचें? यामुळें या माणसाच्या जनुकांत ए असो, बी असो, रक्तकण सर्व चाचण्यांत कोराच दिसतो. आणि जी शर्करा आपल्या अंगांत नाहीं ती शरीराला परकी. आंतड्यांतील जंतूंच्या अंगावर अशाच शर्करा असल्यामुळें लहानपणींच शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडें बनवून ठेवतें. ए गटाचा मनुष्य बीविरुद्ध बनवितो, बी गटाचा एविरुद्ध. मुंबई गटाचा मनुष्य ए, बी आणि फ्यूकोजयुक्त एच या तिघांविरुद्ध बनवितो. ओ गटाच्या रक्तकणांवर तर एचची गर्दी सर्वांत अधिक. म्हणून तें रक्त चढवितांच हीं प्रतिपिंडें त्याचा नाश करूं लागतात.

एच विकराच्या जनुकाचा शोधहि १९९० सालचाच, आणि भारतांतील मुंबई-गटाच्या लोकांत त्या जनुकाचें काय झालें आहे तें १९९७ सालीं प्रसिद्ध झालें. ३६५ आम्लांच्या त्या माळेंत २४२ व्या जागीं ल्यूसीन असावयाचें, तेथें आर्जिनीन आलेलें होतें. जनुकाच्या भाषेंत पाहिलें तर ७२५ व्या जागीं एका अक्षराऐवजीं दुसरें. सकाराच्या जागीं शकार, तितकेंच. परंतु ल्यूसीन तेलकट, पाण्यास विटणारें. आर्जिनीन लांबलचक आणि धन विद्युद्भाराचें, पाण्याकडे धांव घेणारें. सोवळ्यांत बसलेल्या पंक्तींत ओलेत्यानें कोणी येऊन बसावें तसें हें झालें. प्रयोगशाळेंत हें बदललेलें विकर तयार करून पाहिलें तेव्हां त्याला फ्यूकोज जोडतां येईना. बाकीचीं ३६४ आम्लें जागच्या जागीं असूनहि विकराचें काम बंद!

हा मनुष्य दुसऱ्या कोणत्याहि बाबतींत रोगी नसतो, ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. तो जेवतो, हिंडतो, सत्तरी गांठतो. रक्त घेण्याचा प्रसंग न आल्यास आपल्या अंगांत कांहीं निराळें आहे याची त्याला वार्ताहि नसते. भारतांत असे लोक साधारणतः दहा हजारांत एक, युरोपांत दहा लाखांत एक असें मानतात. आपल्याकडे प्रमाण अधिक, यांत विवाहाच्या चालीरीतींचाहि वांटा आहे. दोष प्रकट होण्यास आई व बाप या दोघांकडूनहि सदोष जनुक यावें लागतें. एकाकडूनच आलें तर दुसरें चांगलें जनुक काम भागवितें, आणि असा वाहक चारचौघांसारखाच असतो. दहा हजारांत एक या हिशेबानें पन्नासांत सुमारें एक मनुष्य वाहक ठरतो. वाहकानें परक्या घरांतील मुलीशीं लग्न केलें तर प्रत्येक मुलाच्या बाबतींत दोनशेंत एक अशी शक्यता येते. सख्ख्या मामेबहिणीशीं केलें तर ती बत्तिसांत एक होते. मातुलकन्येशीं विवाह करावा कीं करूं नये हा वाद धर्मशास्त्रकारांनीं पुष्कळ घातला आहे, आणि दक्षिणेकडील आपल्याच कांहीं घराण्यांत ती चाल होती हें वाचकांस ठाऊक आहे. तिचें गोत्र निराळें म्हणून सगोत्राची अडचण येत नसे. जनुकाला गोत्र कळत नाहीं.

याहून नाजूक अशी आणखी एक गोष्ट आहे, ती स्पष्ट सांगितलेली बरी. एच विकराचें जनुक मनुष्याच्या १९ व्या गुणसूत्रावर असतें, ए-बीचें ९ व्या गुणसूत्रावर. दोहोंची वांटणी स्वतंत्रपणें होते. समजा, बापाच्या कार्डावर ‘ओ’ आहे, पण तो वस्तुतः मुंबई गटाचा असून त्याच्या अंगांत बीचें जनुक सुप्त आहे. आई खरोखरीच ओ गटाची. मुलाला बापाकडून बी मिळालें आणि आईकडून एचचें चांगलें जनुक मिळालें, कीं भिंत उभी राहिली, चित्रहि उमटलें, आणि मूल बी गटाचें निघालें. शाळेंत शिकलेल्या नियमाप्रमाणें ओ आणि ओ यांच्या पोटीं बी येत नाहीं. घरांत कोणी तरी हा नियम जाणणारा असतोच, मग कुजबूज सुरू होते आणि सर्व रोख बिचाऱ्या सुनेवर जातो; दोष असलाच तर तो नवऱ्याच्या २४२ व्या आम्लाचा! कांचेच्या पट्टीवरील एका थेंबाच्या जोरावर एखाद्या स्त्रीच्या शीलाचा निवाडा करूं पाहणाऱ्यास आम्ही अडाणीच म्हणूं, मग त्यानें कितीहि पदव्या घेतलेल्या असोत. १९५५ सालीं अमेरिकेंत फिलिप लेव्हाइन यांनीं अशाच एका बाईचें उदाहरण प्रसिद्ध केलें. परीक्षेंत ती ओ गटाची दिसे, आणि संततीला तर तिनें बी दिलेलें होतें.

मग ओळख पटवावी कशी? शिबिरांत वा घाईच्या परीक्षेंत ए-विरोधी व बी-विरोधी द्रव रक्ताच्या थेंबांत मिसळून पाहतात. गोळा झाला नाहीं कीं ‘ओ’ लिहून मोकळे होतात. एवढ्या परीक्षेंत मुंबई गट ओळखूं येणें शक्यच नाहीं. त्यासाठीं उलट बाजूनेंहि परीक्षा करावी लागते, म्हणजे त्या मनुष्याचा रक्तद्रव ओ गटाच्या रक्तकणांत मिसळून पाहावयाचा. खऱ्या ओ गटाच्या माणसाचा द्रव स्वस्थ राहतो, याचा लगेच गोळा करतो. याशिवाय युरोपांतील युलेक्स नांवाच्या कांटेरी झुडपाच्या बियांतून काढलेला एक पदार्थ एच असलेल्या रक्तकणांस चिकटवितो. मुंबई गटाच्या रक्तकणांवर त्याचा परिणाम होत नाहीं. १९५७ सालीं मुंबईंत रक्तगटांच्या परीक्षेसाठीं जें सरकारी निर्देश केंद्र निघालें, त्याचेंच पुढें राष्ट्रीय संस्थेंत रूपांतर झालें, आणि असल्या अवघड प्रकरणांचा उलगडा तेथें होतो.

घरांत बाळंतपण किंवा शस्त्रक्रिया ठरलेली असेल, आणि कार्डावर ओ असेल, तर रक्तपेढींत ही दुहेरी परीक्षा आधींच करवून घ्यावी. ऐन वेळीं रक्ताच्या पिशव्या जुळवून पाहतांना ओची एकहि पिशवी जुळत नाहीं असें आढळलें, म्हणजे नातलगांची जी धांवपळ होते ती अनुभवणाऱ्यासच ठाऊक. गट निश्चित झाला तर प्रथम सख्ख्या भावाबहिणींची परीक्षा करावी. आईबाप दोघेहि वाहक असतील तर प्रत्येक भावंड त्याच गटाचें असण्याचा संभव चारांत एक असतो, आणि दहा हजारांत एक शोधण्यापेक्षां हें पुष्कळच सोपें आहे. ठरलेल्या शस्त्रक्रियेपूर्वीं स्वतःचेंच रक्त काढून ठेवण्याचीहि सोय होते. नेहमींच्या पद्धतीनें तें सुमारें पांच-सहा आठवडे टिकतें, आणि ग्लिसरॉल घालून गोठविलें तर दहा वर्षेंपर्यंत.

रक्तगट बदलूनच टाकतां येईल काय, हा विचारहि शास्त्रज्ञांनीं सोडलेला नाहीं. १९८२ सालीं न्यूयॉर्क येथील जॅक गोल्डस्टाइन यांनीं कॉफीच्या बियांतील एका विकरानें बी गटाच्या रक्तकणांवरील गॅलॅक्टोज तोडून त्यांचे ओ गटाचे रक्तकण केले, आणि ते माणसांच्या अंगांत नीट टिकले. मात्र त्या विकराची खोबण गॅलॅक्टोजपुरतीच आहे. खालची फ्यूकोज तें तशीच ठेवतें, त्यामुळें असें ओ केलेलें रक्तहि मुंबई गटाच्या माणसाला देतां येत नाहीं. त्याच्यासाठीं अद्याप त्याच गटाचा दाता शोधावा लागतो.